फियाटच्या झाकणाबाबतचा ठराव

इंदिरानगरातल्या एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीचे मानद सचिव श्री. पुंजाराम तिडके यांनी दोन हजार दोन सालच्या जानेवारीत आपल्या जुन्या फियाटच्या पेट्रोल टाकीचं झाकण बदललं. झाकण बदलणं हा काही गुन्हा नाही. त्यासाठी कुणाची परवानगीही लागत नाही, आणि पुढचं सगळं बहुधा त्यामुळेच घडलं.

फियाट चौसष्ट सालची. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर तिडक्यांनी केलेली ही एकमेव चैन. गाडी धावायची उत्तम. फक्त टाकीचं जुनं झाकण गंजून असं घट्ट बसलं होतं की ते उघडायला किल्ली, पकड आणि थोडी शिवीगाळ लागायची. एरवी ते चाललंही असतं, पण मे महिन्यात सटाण्याला ललितचं लग्न होतं. ललित हा तिडक्यांच्या सौभाग्यवतींचा, म्हणजे प्रतिभाताईंचा भाचा. स्वतःचं लग्न झाल्यापासून प्रतिभाताई माहेरी एसटीनेच जात आल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. यंदा भावाने फोनवर बजावलं होतं, "मोटार तुन्हीच शे ना? मग औंदा मोटार लईसनच येजो." मांडवाच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरायचं, एवढंच त्यांना हवं होतं. तिडक्यांनी तसा शब्द दिला होता.

आता सटाण्याच्या पंपावर, मेव्हण्यांदेखत, पकड हातात घेऊन टाकीशी झोंबायचं हे काही सचिवाला शोभणारं नव्हतं. म्हणून तिडके भद्रकालीत जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि तिथे त्यांना ते झाकण दिसलं. चकचकीत, जाडजूड, दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे विलायती शर्यतीच्या गाडीचं. अंगठ्याने खटका दाबला की टणकन वर उडायचं, वरून थापटलं की टपकन बसायचं. मेकॅनिक बहिरूने कानशीने घासून, रबराचं वायसर घालून ते फियाटला बसवलं आणि हात पुसत एवढंच म्हणाला, "साहेब, याला कुलूप नाय."

"आमच्या सोसायटीत कुलूप कशाला?" तिडके म्हणाले. "सगळी शिकलीसवरलेली माणसं आहेत."

ती होतीच. पहिल्या संध्याकाळी सोसायटीतल्या प्रत्येक शिकल्यासवरलेल्या माणसाने ते झाकण एकदा तरी उघडून मिटून पाहिलं. चेअरमन चिमाजी बोरस्ते, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी ते चष्मा लावून उघडलं आणि चष्मा काढून मिटलं. आत काय दिसलं, असं कुणीतरी विचारल्यावर ते म्हणाले, अंधार आहे, पण चांगल्या प्रतीचा आहे.

चार दिवसांनी बँकेत कॅशियर असलेले बारकू काकड संध्याकाळी तिडक्यांकडे आले. सकाळी स्कूटर बंद पडली, म्हणून फियाटमधून नळीने अर्धा लिटर घेतलं, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. विचारूनच घेणार होते, पण तिडके अंघोळीला गेलेले, आणि झाकण तर काय, बोट लावलं की उघडतं. तिडक्यांना नाही म्हणता येईना, कारण आदल्याच दिवशी प्रतिभाताईंनी काकडांकडून विरजण आणलं होतं. विरजणावरून पेट्रोलवर यायला सोसायटीला फार वेळ लागला नाही. पाहुणे आले की साखर, गॅस संपला की सिलिंडर, तसं स्कूटर थांबली की फियाट, अशी रीतच पडून गेली. चोरी मात्र कुणी केली नाही. प्रत्येकाने नेलं आणि आवर्जून सांगितलं.

दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण तिडक्यांनी उभी हयात कागदावर काढली होती. भांडण हे अडाण्यांचं साधन असून सुज्ञांसाठी ठराव असतो, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी सर्वसाधारण सभा बोलावली आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरात ठराव लिहिला: आवारातील फियाट मोटारीच्या पेट्रोल टाकीचे झाकण कोणीही उघडू नये.

सभेत एकच चर्चा झाली. "कोणीही" म्हणजे मालक सोडून का, असं एकाने विचारलं. त्यावर बोरस्ते सर म्हणाले की नियमाला अपवाद ठेवला की नियम सैल पडतो, हे त्यांनी शाळेत पाहिलं आहे. खरं तर इथेच तिडक्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण आपल्या ठरावाला इतका तात्त्विक पाठिंबा मिळतोय हे पाहून ते भारावून गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने "अपवाद न करता" असे शब्द त्यात घातले. शेजारच्या टेबलावर कचोऱ्या गार होत होत्या. सगळ्यांचे हात वर गेले.

ठराव झाला, तसा तो पाळला जातोय की नाही हे बघणंही आलं. त्यासाठी तीन जणांची पाहणी उपसमिती नेमण्यात आली आणि पेट्रोलचा अनुभव असल्यामुळे बारकू काकड तिचे निमंत्रक झाले. ही उपसमिती रोज सकाळी फियाटपाशी जमायची आणि झाकण कुणी उघडलं तर नाही ना, हे झाकण उघडून बघायची. आत काठी बुडवून पातळी मोजायची. भेसळ झाली नाही याची खात्री म्हणून बाटलीभर नमुना काढायची, आणि तो काकडांच्या घरी सुरक्षित ठेवला जायचा. महिन्याभरात उपसमितीने अहवाल दिला की झाकण अनधिकृतपणे एकदाही उघडलेलं नाही, मात्र टाकी रिकामी झाली असून त्याचं कारण शोधण्यासाठी अधिक मुदत हवी.

तेव्हा कार्यकारिणीच्या बैठकीत बोरस्ते सरांनी सीलची सूचना मांडली. आता आत जपण्यासारखं काही उरलं नसल्याने सील लावणं सोपंही गेलं. झाकणावर कागदाची पट्टी, पट्टीवर लाख, लाखेवर सोसायटीचा शिक्का आणि पट्टीवर सचिव म्हणून तिडक्यांचीच सही. सील सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय तोडू नये, असंही ठरलं. तिडके त्या दिवशी समाधानाने झोपले. लग्नाला अवकाश होता.

एप्रिल लागला तशी प्रतिभाताईंनी आहेराची लुगडी बाहेर काढली आणि गाडीत पेट्रोल कधी भरणार असं विचारलं. तिडके म्हणाले, सभेनंतर.

"झाकण तुमचं, गाडी तुमची, त्या कागदावर सहीसुद्धा तुमचीच," प्रतिभाताई म्हणाल्या. "नखाने काढा आणि भरा."

"सचिवानेच सील तोडलं तर उद्या नियमाला कोण विचारेल?"

"मग राजीनामा द्या."

"तो मंजूर करायलाही सभा लागते."

प्रतिभाताईंनी लुगड्याची घडी पुन्हा घातली. बहिरूने सुचवलं की झाकण उघडायचंच नाही, टाकीच्या नळीसकट ते आख्खं खोलून काढू आणि तिथून पेट्रोल ओतू, ठरावात त्याला कुठं मनाई हाय? तिडके क्षणभर मोहात पडले. पण दुसऱ्यांच्या पळवाटा बुजवण्यात ज्याची सारी नोकरी सरली, त्याने स्वतःसाठी पळवाट शोधावी हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी रीतसर नोटीस काढली. विषय क्रमांक दोन: मालकास झाकण उघडण्याची परवानगी देणे. घरोघर जाऊन सभासदांना भेटले. सगळे म्हणाले, साहेब, हे काय सांगणं झालं, आमचा पूर्ण पाठिंबा. आणि तो खरोखरच मनापासूनचा होता.

लग्नाच्या आधीच्या रविवारी सभा भरली. प्रतिभाताईही सभासद म्हणून पहिल्या रांगेत बसल्या. बोरस्ते सरांनी विषय क्रमांक एक वाचला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय प्रत्येक सभेत पहिला असतो आणि तो आजवर कुणी ऐकलेला नाही. सरांनी घशातल्या घशात दोन पानं वाचली आणि विचारलं, "मंजूर?" सवयीने सगळे हात वर गेले. तिडक्यांचा गेला. प्रतिभाताईंचाही गेला, कारण शेजारणीचा गेला होता.

मग सरांनी विषय क्रमांक दोन घेतला आणि चष्मा काढला. झाकण कोणीही, अपवाद न करता, उघडू नये हा ठराव सभेने आत्ताच, मालकासह, एकमताने कायम केला आहे. त्याच बैठकीत त्याच्या उलट ठराव घेणं नियमात बसत नाही. आपल्याला फार वाईट वाटतं, असं ते म्हणाले, आणि त्यांना वाटलंही. कायदेशीर बाजू चोख आहे का, हे त्यांनी सचिवांना विचारलं. तिडक्यांनी उपविधी चाळले आणि खालच्या आवाजात सांगितलं की चोख आहे. त्या वेळी त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. पाहायची त्यांची छाती झाली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी बारकू काकडांनी माणुसकी दाखवली. प्रतिभाताईंना आहेराच्या पिशवीसकट स्कूटरवर बसवून ते एसटी स्टँडकडे निघाले. तिडके मागून रिक्षाने यायचे होते. फाटकाशी फियाट उभी होती आणि सकाळच्या उन्हात तिचं झाकण लाखेसकट चकाकत होतं. प्रतिभाताईंनी मान वळवली. अर्ध्या वाटेवर त्यांनी काळजीने विचारलं, भाऊजी, स्कूटर मध्येच बंद नाही ना पडणार?

"छे हो, वहिनी," काकड म्हणाले. "पेट्रोल भरपूर आहे. तुमचंच आहे."

सटाण्याला मांडवाच्या दारात भावाने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, मागे रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मोटार कोठे शे?" प्रतिभाताई म्हणाल्या, पुढच्या सभेनंतर येईल. भाऊ शेतकरी माणूस, त्याला हे उत्तर कळलं नाही.

तुम्हाला मात्र ते कळलं असणार, कारण तुम्ही सोसायटीत राहता. तिडक्यांना तुम्ही हसलात, ते ठीक आहे. पण गेल्या सभेत पहिल्या विषयाला तुमचाही हात वर गेला होता. काय काय उघडायला तुम्ही स्वतःलाच मनाई करून बसला आहात, ते सवड मिळाली की एकदा सचिवांना विचारून घ्या.