सपाट अंगणातला ट्रॅक्टर

कन्हेरीच्या आप्पांचा जुना ट्रॅक्टर चावीनं सुरू व्हायचा नाही, उतारानं व्हायचा. बॅटरी कधीच मेली होती. आप्पा तो अंगणातल्या मुरमाच्या ढिगावर चढवून ठेवत आणि सकाळी गिअर टाकून खाली सोडत. की झाला गडी चालू! नवी बॅटरी घ्या म्हटलं की मात्र आप्पांचं डोकं फिरायचं.

त्या दिवशी लेकीला, सुकन्याला बघायला नरसिंहपूरचे पाहुणे यायचे होते. म्हणून बानूबाईंनी नवरा शेतात असताना जेसीबी बोलावून तो ढीग सपाट करून घेतला. आप्पा परतले, अंगण बघून खूश झाले आणि सवयीनं ट्रॅक्टर बंद केला. तोही नेमका घराच्या दारात!

"अवं, पाहुणं आत कुठनं येणार? खिडकीतनं?" बानूबाई कडाडल्या.

शेजारचे गुलजारभाई धावत आले. "आप्पा, माझ्या ट्रॅक्टरनं वढून काढतो. साखळी लावू."

"आपला ट्रॅक्टर दुसऱ्याच्या साखळीला बांधायचा न्हाय. बॅटरी आण तुझी."

बॅटरी आली, जोडली, आणि आतली वायरच जळाली. आप्पा हटले नाहीत. "ढकला!"

"मी क्लचवर बसते, तुमी मागं व्हा," म्हणत सुकन्या पदर खोचून वर चढली. तिघांनी जोर लावला, पण नव्या मुरमात चाकं हलेनात. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली.

"पाहुणं, चहा नंतर! आधी हात लावा!" आप्पा ओरडले. बानूबाईंनी कपाळावर हात मारला.

मुलगा अविराज आणि त्याचे वडील तात्या, दोघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत भिडले. ट्रॅक्टर हलला, क्लच सुटला आणि काळ्या धुरात इंजिन धडधडलं.

"उतार मिळंपर्यंत बंद करू नगं!" आप्पांनी बजावलं. सुकन्या फाटकातून बाहेर पडली. मडगार्ड धरलेला अविराजही तसाच लोंबकळत गेला.

धूर ओसरल्यावर मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगी कुठाय?"

"आत्ता गेली ती तीच," बानूबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं दोघं चालत परतली.

"कॅनॉलच्या उतारावर लावलाय," सुकन्या म्हणाली. "अन् आप्पा, मला पसंत हाय. यांचा पाय घसरला, पर यांनी मडगार्ड काय सोडलं न्हाय."

धुरानं काळ्याठिक्कर झालेल्या अविराजनंही मान डोलावली. तात्या मात्र गंभीरच होते.

"आमालाबी पोरगी पसंत हाय. पर आमची एक अट हाय."

बानूबाईंचा जीव टांगणीला लागला.

"लग्नात ह्यो ट्रॅक्टर द्यायचा न्हाय."

"मागितला असता तरी दिला नसता!" आप्पा फुरंगटून म्हणाले.