गायधनींचे तिसरे आठ

दुपारचे तीन वाजले की गायधनी बोलता बोलता थांबतात. हातातला नट पुढच्या पाळीचा माणूस आवळतो. अर्धं राहिलेलं वाक्य मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गायधनीच पुरं करतात.

आखातातल्या मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत ते माझे सीनियर आणि जवळच्या फहाहीलला आमच्याच मजल्यावर एकटे राहणारे शेजारी. मूळचे नाशिकचे. ओव्हरटाइमचं नाव काढलं की व्याख्यान ठरलेलं. "अमेरिकेत यंत्रं आली. वाटलं, माणूस सुटला. कुठला सुटतोय? यंत्र दमेना म्हणून माणसालाही दमू देईनात. मग त्या कामगारांनी मार खाऊन दिवसाचे तीन तुकडे करून घेतले. आठ तास मालकाचे, आठ झोपेचे आणि तिसरे आठ आपले. ते मी फुकट घालवू?"

या तिसऱ्या आठांत ते करतात काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका खंडेनवमीला त्यांनी हजेरीच्या मशीनची पूजा केली. का, तर तीन वाजल्याची साक्ष तेच देतं. बोट ठेवायच्या काचेवर लाल कुंकू बघून पहारेकरी "दम, दम" करत धावत आला. अरबीत दम म्हणजे रक्त. गायधनी शांतपणे म्हणाले, "धरलाय की." दुपारपर्यंत मशीन कुणाचंच बोट ओळखेना. साहेबांनी दिलेला दमही त्यांनी तितक्याच शांतपणे ऐकून घेतला.

यंदा माझे वडील, अण्णा, आमच्याकडे आले आणि आठवड्यात न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडून बसले. ऑपरेशन झालं, घरी आणलं. माझं शटडाउनचं, म्हणजे रिफायनरी बंद ठेवून दुरुस्तीचं, रात्रीपर्यंतचं काम; बायकोची दुपारची शाळेतली नोकरी. अण्णांना उठवायचं, चालवायचं कोणी? सुट्टी मागावी तर नोकरीवर गदा.

अण्णांना घरी आणलं त्याच दिवशी साडेतीनला गायधनी दारात उभे. मी म्हटलं, "अहो, तुमचे तिसरे आठ?"

"माझेच ना? मग कुठे घालवायचे ते मी ठरवीन."

तेव्हापासून ते रोज येत. अण्णांचा जन्म सातपूरच्या कारखान्यात लेथवर गेलेला. दोघांची रोज जुंपायची. "तुमच्या अमेरिकेनं कारखान्यात सरकता पट्टा आणला आणि माणूस एकच बोल्ट पिळत बसला," असं म्हणत अण्णा वॉकरवर एक फेरी मारत. "त्याच पट्ट्यानं मोटार स्वस्त केली," म्हणत गायधनी त्यांच्याकडून दुसरी फेरी मारून घेत. भांडता भांडता माझा बाप चालायला लागला. हे उपकार फेडायचे नसतात, नुसते बाळगायचे असतात.

अण्णा ठणठणीत होऊन नाशिकला परतले. विमानतळावर त्यांना सोडायला गायधनीही आले होते.

दुसऱ्या दिवशी शटडाउन संपल्याची सुट्टी म्हणून मी घरीच होतो. साडेतीनला बेल वाजली. दारात गायधनी.

"अण्णा काल गेले ना," मी म्हटलं.

"हो, माहीत आहे. पाय इकडेच वळले." ते चपला घालूनच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "तिसरे आठ फार लांब असतात हो. ज्यांनी भांडून मिळवले, त्यांच्या घरी वाट बघणारं कुणीतरी असणार."

इतकी वर्षं ते काय करत होते, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या हाताला धरून त्यांना आत घेतलं.

हल्ली आमच्याकडे दुपारचा चहा तीन कपांचा होतो. बायको आपला कप पिऊन शाळेला जाते, माझा आणि तिसरा गायधनींचा साडेतीनसाठी थर्मासमध्ये ठेवून जाते, आणि अर्धं राहिलेलं वाक्य आता सकाळपर्यंत थांबत नाही.