शून्य ग्रॅम

सोमवारी संध्याकाळी सूनबाईने घरातल्या कचऱ्याची पिशवी हुकाच्या काट्याला टांगली आणि वहीत आकडा लिहिला: दोन किलो शंभर ग्रॅम. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा, त्याला लोंबकळणारी भाजीची सालं आणि दिवसभर दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून आलेली, अजून पर्सही खांद्यावरून न उतरवलेली सून. त्यांना हे दृश्य अजिबात पसंत नव्हतं.

"हे आता कोण बघणार?"

"मॅडम."

"त्या काय बघणार कचऱ्यात?"

"ओला किती, सुका किती, कसला आहे. कचऱ्यावरून घर कसं चालतं ते वाचता येतं म्हणे."

"वाचता येतं?"

"हो आई. सात दिवस तोलायचा, वही द्यायची, की सुटले मी."

सूनबाई पर्यावरण अभ्यासाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. लग्नाच्या वेळी शिक्षण अर्धवट सुटलं होतं, ते नोकरी सांभाळून घरबसल्या पुरं करायचं तिने ठरवलं. पर्यावरणच का, तर त्यात गणित नसतं असं दवाखान्यातल्या एका मैत्रिणीने छातीठोकपणे सांगितलं होतं. गणित नव्हतं हे खरं. पण झाडं मोजायची होती, नाल्याचं पाणी बाटलीत भरायचं होतं, चौकात उभं राहून तासाला किती हॉर्न वाजतात ते लिहायचं होतं. सगळं रविवारी, कारण बाकीचे सहा दिवस लोकांचे दात असत. नाव नोंदवल्यापासून सहा वर्षांत पदवी घ्यायची, नाहीतर केलेलं सगळं रद्द, असा नियम होता. हे सहावं वर्ष होतं. सगळे पेपर सुटले होते. राहिला होता तो फक्त कचरा.

मंगळवारी पिशवी भरली एक किलो चारशे. बुधवारी सहाशे ग्रॅम. गुरुवारी दीडशे. शुक्रवारी काट्याचा आकडा चाळीसवर थोडा वेळ थरथरला आणि थांबला. शनिवारी आणि रविवारी डब्यात काहीच नव्हतं. सूनबाईला शंका आली नाही असं नाही. पण शंका आली की ती कुणाला तरी विचारावी लागते, मग उत्तर ऐकावं लागतं, आणि एवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. तिने दोन्ही दिवसांपुढे शून्य लिहिलं आणि दहा मिनिटं आधी झोपायला मिळालं म्हणून मनातल्या मनात कचऱ्याचे आभार मानले. सोमवारी सकाळी वही अभ्यासकेंद्रावर देऊन ती कामावर गेली.

दुपारी मॅडमचा फोन आला तेव्हा समोरच्या खुर्चीवर एक गृहस्थ गाल धरून बसले होते.

"तुमच्या घरी माणसं किती?"

"चार, मॅडम."

"जिवंत?"

"हो, मॅडम."

"मग दोन दिवस शून्य ग्रॅम कचरा कसा होतो? चहा पीत नाही तुम्ही? भाजी सालासकट गिळता? बाई, मी वीस वर्षं वह्या तपासतेय. नोंदी बनावट असतील तर प्रकल्प रद्द, आणि तुमचं हे सहावं वर्ष आहे. आज सहा वाजता मी घरी येतेय. आजचा कचरा मला डोळ्यांनी बघायचाय."

सूनबाईने तिथूनच घरी फोन लावला. "आई, आजचा कचरा जपून ठेवा हं. मॅडम येतायत."



"कचरा," सासूबाई म्हणाल्या, "सकाळीच गेला."

"कुठे गेला? गाडी तर उद्या येते."

"ताईकडे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. परक्या बाईने आपल्या घरचा कचरा वाचायचा, ही कल्पनाच सासूबाईंना सहन झाली नव्हती. एक बटाटा सडला होता, तो वाचला गेला असता. दुधाची पिशवी न धुता टाकली होती, तीही. मंगळवारपासून त्या थोडाथोडा कचरा बाजूला काढू लागल्या. गुरुवारपर्यंत हात चांगला बसला. रोज सकाळी सासरे फिरायला निघाले की एक घट्ट बांधलेली पिशवी घेऊन जात आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या आपल्या लेकीच्या बाल्कनीतल्या पिंपात टाकून येत. फिरण्याचं फिरणं होई, असं त्यांचं म्हणणं.

"मग आत्ता परत आणा की!"

"ताई सातला येते कामावरून. घराला कुलूप आहे."

"आई, मॅडम सहाला येतायत. कचरा नाही दिसला तर माझी सहा वर्षं गेली."

सूनबाईचा आवाज एवढा थकलेला होता की सासूबाईंना रागवायलाही सुचलं नाही. "तू ये तर खरं," त्या म्हणाल्या. "मी बघते काय ते."

आणि त्यांनी बघितलं. पंधरा वर्षांत ज्या दारी त्या साधी वाटीभर साखर मागायला गेल्या नव्हत्या, त्या समोरच्या वहिनींच्या दाराची बेल त्यांनी वाजवली.

"थोडा कचरा असेल का हो तुमच्याकडे?"

वहिनींनी त्यांना खालीवर न्याहाळलं. "किती हवाय?"

"असेल तेवढा द्या. उद्या परत करते."

सूनबाई धापा टाकत घरी पोचली तेव्हा मॅडम तिच्या आधीच येऊन बैठकीच्या खोलीत बसल्या होत्या. मॅडमनी वर्तमानपत्र पसरलं होतं, हातमोजे चढवले होते, आणि समोर एक निळी पिशवी होती. घरात निळ्या पिशव्या कधीच नसतात हे सूनबाईला ठाऊक होतं. नवरा कोपऱ्यात उभा होता. त्याने बायकोकडे बघून नुसती मान खाली घातली. उघड्या दारात समोरच्या वहिनी हाताची घडी घालून उभ्या होत्या. आपल्या कचऱ्याचं पुढे काय होतं याची कुणालाही उत्सुकता असणारच.

मॅडमनी पिशवी उलटी केली. पहिल्यांदा कुत्र्याचं चित्र असलेलं एक मोठं रिकामं पाकीट निघालं.

"घरात कुत्रा आहे? वहीत नोंद नाही ती."

"आहे," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे... फिरायला गेलाय."

"एकटा?"

तेवढ्यात समोरच्या घरातून कुत्रा भुंकला. "आला वाटतं," असं म्हणून सासरे उठून उभे राहिले आणि कुठे जावं हे न सुचून परत बसले.

दुसरी निघाली केस काळे करायच्या रंगाची नळी. मॅडमनी सासूबाईंच्या पांढऱ्याशुभ्र अंबाड्याकडे पाहिलं. मग सूनबाईकडे पाहिलं. तिच्याही कानापाशी चांदी चमकत होती, रंगवायला वेळ कुणाला होता?

"माझी आहे," सासरे म्हणाले आणि डोक्यावरून हात फिरवला. डोक्यावर एकही केस नव्हता. "वापरून वापरून असं झालं."

दारातल्या वहिनींच्या कपाळावर आठ्या चढल्या. मॅडमनी तळातली कागदाची पुडी सोडवली. आत आख्खा पाव होता, जेमतेम शिळा, आणि त्याखाली शिजवलेलं अन्न, निम्मं पातेलं तरी सहज.

मॅडमनी चष्मा वर केला. "एवढं अन्न टाकता? चार माणसांत एवढं? अहो, जरा तरी मोजूनमापून रांधत जा."

सासूबाई कुत्रा सोसून गेल्या होत्या. टक्कल सोसून गेल्या होत्या. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या चुलीवर कुणी असं बोट ठेवलं नव्हतं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"ते आमचं नाही!"

"आई," नवरा कळवळून म्हणाला.

"गप्प बस तू! आमच्या घरात घासभरही वाया जात नाही. हा कचरा आमचा नाहीच मुळी. हा समोरच्यांचा!"

"वा!" वहिनी दारातून कडाडल्या. "मागायला आलात तेव्हा गोड होता! आणि तो पाव कुत्र्यासाठी आणला होता, त्याने खाल्ला नाही तर मी काय करू?"

"मग तुमचा कचरा कुठे आहे?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

सूनबाई भिंतीला टेकून खाली बसली. संपलं, तिला वाटलं. झाडं, नाला, हॉर्न, सगळं संपलं. रडू येत नव्हतं, नुसती झोप येत होती.

आणि त्याच वेळी, कामावरून आज लवकर सुटलेली नणंद जिना चढून वर आली. तिच्या दोन्ही हातांत मिळून सहा पिशव्या होत्या आणि चेहरा बघण्यासारखा होता. "आई, आजपासून तुझा कचरा मी घेणार नाही! आमच्याकडची गाडी आठवडाभर आली नाही. शेजारपाजारचे विचारायला लागलेत की दोन माणसांच्या घरात एवढं होतंय तरी काय. घे तुझं तुला!"

पिशव्या धाडकन जमिनीवर आल्या. वास त्यांच्याही आधी सगळ्या घरात फिरला.

एरवी सासूबाई मान खाली घालून आत गेल्या असत्या. पण आता अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी पदर खोचला, मॅडमच्या समोर बसकण मारली आणि स्वतःच्या हाताने पहिली गाठ सोडली. "हा बघा आमचा कचरा. वाचा काय वाचायचं ते. ही सालं बघा, किती पातळ आहेत, आरपार दिसतं. शेंगांची देठं फक्त, दुसरं काही सापडलं तर नाव बदलीन. हा एक बटाटा सडका आहे, तो भाजीवाल्याने फसवलं म्हणून."

मॅडम वाचू लागल्या. दुसरी पिशवी, तिसरी, चौथी. मधूनमधून त्यांची मान डोलत होती, आणि ती डोलली की सासूबाई दाराकडे बघत होत्या. सुका कचरा चाळताना मॅडमचा हात थांबला. त्यांनी दोन चपटी रिकामी पाकिटं उचलली आणि उजेडात धरली.

"डोकेदुखीच्या गोळ्या. दहा-दहाची दोन पाकिटं. आठवड्यात वीस गोळ्या. कोण घेतं एवढ्या?"

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी मुलाकडे. मुलाने जमिनीकडे.

"मी," भिंतीपासून आवाज आला.

सासूबाईंना वाईट वाटलं. ते अब्रूचं वाईट वाटणं नव्हतं, तसलं त्यांना रोजचं होतं. ही पाकिटं त्यांनी स्वतःच्या हाताने पिशवीत भरली होती, सडका बटाटा तेवढा नीट तळाशी दडपला होता, आणि या दोन पाकिटांकडे त्यांचं लक्षसुद्धा गेलं नव्हतं. त्यांना सुनेकडे बघवेना.

मॅडमनी हातमोजे काढले. "उद्यापासून पुन्हा सात दिवस," त्या म्हणाल्या. "खरा कचरा, खरी नोंद. वेळेत आली तर मी पास करीन. आणि बाई, जरा झोपत जा."

"तोलायचं मी बघते," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "हिने हात लावायचा नाही. ही फक्त झोपणार."

दुसऱ्या दिवसापासून काटा सासूबाईंच्या ताब्यात गेला. त्यांनी वहीत ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या शेजारी स्वतःच्या हाताने तिसरा रकाना आखला: गोळ्यांची पाकिटं. पहिल्या दिवशी त्यापुढे शून्य लिहून त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या. सुनेने झोपावं म्हणून त्या दर अर्ध्या तासाने दार उघडून ती झोपली का ते बघत. दवाखान्यातही फोन येऊ लागले.

"अगं, चहाचा चोथा ओला ना? पण मी वाळवला तर?"

"अगं, अंड्याचं कवच कशात धरायचं?"

"ह्यांनी नखं कापलीत. ती लिहायची का?"

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत असे अकरा फोन झाले. अकराव्या फोनमध्ये सासूबाईंनी बाराशे वीस लिहावं की बाराशे पंचवीस, यावर सात मिनिटं विचारविनिमय केला, कारण काटा हलत होता. फोन ठेवून सूनबाईने कपाळ दाबलं. पर्समध्ये पाकीट होतं. आत शेवटच्या दोन गोळ्या होत्या. तिने दोन्ही पाण्याबरोबर घेतल्या आणि रिकामं पाकीट पुन्हा पर्समध्ये टाकायला गेली.

हात मध्येच थांबला. मग तिने ते पाकीट बारीक घडी घालून दवाखान्याच्या टोपलीत टाकलं आणि वरून कापसाचे दोन बोळे सरकवले.

संध्याकाळी सासूबाई वही घेऊन दारातच उभ्या होत्या. चेहरा नुसता फुलला होता.

"पाच दिवस झाले," त्या म्हणाल्या. "गोळ्या शून्य. बघ, तुझ्या मॅडमना दाखवायला झालं. खरंच शून्य ना गं?"

सूनबाईने त्यांच्या हातातून पेन घेतलं.

"शून्य, आई," ती म्हणाली आणि नोंद करणाऱ्याच्या सहीच्या जागी सही करून टाकली.