नव्या कार्बोरेटरास अभिषेक जाहला त्याची हकीकत

श्री. गणरायास आधी नमन. त्यांचे वाहन उंदीर; त्यास ना पेट्रोल लागे, ना प्लग साफ करावा लागे, म्हणून त्यांची स्वारी आजवर कोठे अडली नाही. मनुष्यांस ते भाग्य नाही, सबब हा मजकूर लिहिणे प्राप्त जाहले. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, आश्विन मास, नवरात्र चालू असता एका राज्यात मोठा पेच पडला. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. तेथील सरदार हत्तीघोडे बाळगीत नसत, मोटारी बाळगीत. आणि त्या कैशा, तर आजाच्या काळची मोटार घ्यावी, तिचा टप कापून बुटका करावा, मडगार्डे उतरवावी, आणि पोटात दुसऱ्याच गाडीचे आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन बसवावे, मग ती गरजली म्हणजे वेशीपलीकडची कुत्री उठून बसत. दसऱ्यास ही सगळी फौज घाट चढून शिवेच्या दगडापलीकडे जाई आणि सोने लुटून माघारी येई. अग्रभागी चालण्याचा मान निंबाजीराव सरदारांच्या घराण्याकडे, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. त्यास अट इतकीच की, अग्रभागीची मोटार कोणी ढकलू नये, आणि वाटेत तिला दुसरीने मागे टाकिले तर मान त्या दुसरीकडे जावा.

निंबाजीरावांच्या मोटारीचे नाव झुंजार. ती त्यांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या सरकारांनी, आपल्या हाताने कापून जोडून सिद्ध केली होती, आणि इंजिनाच्या माथ्यावरील कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलात वारा कालवणारे ते भांडे, तोही त्यांच्याच हातचा बसविलेला. थोरले सरकार कैलासवासी होऊन बहुत वर्षे लोटली, परंतु कार्बोरेटर तोच राहिला. झुंजार सुरू होताना दोन वेळां ठसका देई आणि मग गरजे. आणि थोरल्या सरकारांसही बोलण्यापूर्वी तैसेच दोनदां खाकरण्याची सवय होती, म्हणून तो ठसका ऐकिला की निंबाजीरावांस वडील शेजारी येऊन बसलेसे वाटे. आता तो कार्बोरेटर म्हातारा जाहला. चहूंकडून गळू लागला. गतसाली घाटाच्या शेवटच्या वळणावर झुंजार अशी अडखळली की मागून येणाऱ्या त्र्यंबकराव सरदारांनी भोंगा वाजवून वाट मागितली, आणि मान जाता जाता राहिला. त्या भोंग्याचा आवाज निंबाजीरावांच्या कानातून वर्षभर गेला नाही.

अशा वेळी समुद्रापलीकडून नवे कार्बोरेटर येऊ लागले. जुन्याच साच्याबरहुकूम ओतलेले, पेचास पेच मिळणारे, आणि चकचकीत ऐसे की त्यांत पाहून भांग पाडावा. त्र्यंबकरावांनी एक सोडून तीन आणविले, एका इंजिनावर तिन्ही चढविले आणि जुने भंगारात फेकून दिले. निंबाजीरावांनीही एक आणविला, परंतु बसविण्यास हात होईना. मग मसलत बसविली. मोटारीचे कारभारी इब्राहिम मिस्त्री बोलिले, "सरकार, जुन्याचं अंगच झिजलंय. किती वेळा वायसर बदलू? घाटात दगा देणार तो. नवा घाला आणि निवांत झोपा." त्र्यंबकराव फराळास आले होते, तेही बोलिले, "निंबाजीराव, तुमचा जुना कार्बोरेटर पेट्रोल पितो कमी आणि सांडतो जास्त. आता त्याला पेन्शन द्या." सभा हसली आणि निंबाजीरावही हसले, पण ते हसणे ओठांपुरतेच होते. नवा घालावा तर वडिलांस घराबाहेर काढिल्यासारखे वाटे; जुना ठेवावा तर वडिलांनी मिळविलेला मानच जातो. ऐसे उद्या ठरवू, परवा ठरवू करिता करिता खंडेनवमी उजाडली.

आता खंडेनवमीस हत्यारांची पूजा होते आणि पुजलेल्या हत्यारास कामाला लावीत नाहीत, हे सर्वांस ठाऊक. निंबाजीरावांच्या पत्नी सगुणाबाईसाहेब या कामी मोठ्या कडक. त्यांनी सकाळीच पाने, पेचकस, पकडी, सगळे पाटावर मांडिले. मधोमध घराण्याची तरवार ठेविली. ही तरवार मोठ्या नावाची, परंतु तिने उभ्या आयुष्यात दरसाल एक कोहळा मारिला, याउपर पराक्रम केलेला कोणी पाहिला नव्हता, आणि त्यामुळे टोकही बोथट पडले होते. तरवारीशेजारी दोन्ही कार्बोरेटर मांडिले. जुन्यास हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले. परंतु नवा पहिल्यानेच घरात आलेला, आणि नवी मूर्ती आली तर तिला अभिषेक नको काय, म्हणून बाईसाहेबांनी पंचामृत केले आणि यथासांग नव्याच्या माथ्यावर ओतिले. मग पाण्याने धुतला, पुसला, कुंकू लाविले. इब्राहिम मिस्त्री तेव्हां आपल्या घरी जेवत होते, ही राज्याची मोठी हानी जाहली.

दसऱ्याचे दिवशी सकाळी निंबाजीराव पाटासमोर येऊन उभे राहिले आणि जुन्यावरचे झेंडूचे फूल नीट केले. मग म्हणाले, "नवा द्या." बाईसाहेबांनी आपल्या हाताने नवा आणि एक पाना काढून दिला आणि बजाविले, "बसवून झाला की पाना जाग्यावर आणून ठेवा. बाकीच्या हत्यारांना तुम्ही सोनं घेऊन आल्याशिवाय हात लावायचा नाही." इब्राहिम मिस्त्रींनी घाईने नव्यात पेट्रोल फिरविले, बसविला, पाना परत केला. झुंजार एका दमात सुरू जाहली. ठसका नाही, काही नाही. सर्वांस आनंद जाहला आणि निंबाजीरावांस मात्र अंगण रिकामे वाटले. त्यांनी जुना कार्बोरेटर शेल्यात गुंडाळून मांडीवर घेतला, स्वारीस तरवार लागतेच म्हणून बाईसाहेबांच्या परवानगीने तेवढी पाटावरून उचलून कमरेस लाविली, इब्राहिम मिस्त्री शेजारी बसले आणि कूच जाहले.

सपाटीवर झुंजार वाऱ्यासारखी गेली. घाट लागला, आणि अर्ध्या चढावर गाडी तिरपी जाहली तशी धापा टाकू लागली आणि वळणावर थांबलीच. मिस्त्रींनी कार्बोरेटराच्या तळाशी बोट लाविले, बोट चिकटले, जिभेस लावून पाहिले आणि निंबाजीरावांच्या तोंडाकडे पाहत राहिले. "सरकार, गोड आहे." मग सगळा उलगडा जाहला. तूप पेट्रोलात विरघळून गेले होते, परंतु मध काही पेट्रोलास दाद देत नाही. तो सपाटीवर कोपऱ्यात निजून राहिला, आणि चढ लागताच घसरून जेटात, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकाच्या पितळी गुंडीत, जाऊन बसला. फुंकून निघेना, काडीने निघेना. खालून त्र्यंबकरावांच्या मोटारीची घरघर ऐकू येऊ लागली.

मांडीवरचे गाठोडे निंबाजीरावांनी उगाच घट्ट धरिले, आणि धरिताच सुचले. म्हणाले, "मिस्त्री, नवा जुन्याच्याच साच्यातला ना? मग जुन्याचं जेट त्यात बसेल की नाही?" मिस्त्री म्हणाले, "हुबेहूब बसेल सरकार. जुन्याचं अंग झिजलंय, जेट शाबूत आहे. पण काढू कशानं? पेचकस पाटावर आहे, हळदीकुंकवात." तेव्हां निंबाजीरावांनी तरवार उपसली. इतक्या पिढ्यांनी ती प्रथमच कोहळ्याखेरीज दुसऱ्या कामास म्यानाबाहेर आली. तिचे बोथट टोक पेचाच्या खाचेत असे चपखल बसले की जणू त्याचसाठी घडविली. मिस्त्रींनी मूठ फिरविली, निंबाजीरावांनी टोक धरिले, जुन्याचे जेट काढून नव्यात बसविले, आणि निंबाजीरावांनी स्टार्टर दाबिला.

झुंजारने ठसका दिला. पुन्हा एक दिला. मग गरजली. निंबाजीरावांचे डोळे भरून आले आणि ते मोठ्याने हसू लागले, आणि मिस्त्रीही हसू लागले.

त्र्यंबकरावांची मोटार मात्र खालच्या वळणापुढे आलीच नाही. त्यांच्याही घरी अभिषेक जाहला होता आणि तोही तिन्हींवर. ते घाम पुसत पायी वर आले आणि म्हणाले, "निंबाजीराव, एखादं जुनं जेट असेल का हो जास्तीचं?" निंबाजीराव म्हणाले, "नाही बुवा. तुम्ही मात्र आत या." त्र्यंबकराव आत बसले. मांडीवर काय धरावयास दिले ते त्यांनी शेला उलगडून पाहिले, आणि पुन्हा नीट गुंडाळून दोन्ही हातांनी धरिले. ऐशा रीतीने झुंजार शिवेच्या दगडापलीकडे सर्वांआधी गेली.

येणेप्रमाणे मान राहिला. हल्ली नव्याच्या पोटात जुन्याचे जेट चालते, आणि तरवारीस कोहळ्याची कामगिरी माफ होऊन ती पाटावर पेचकसांच्या रांगेत मांडितात. पंचामृत जुन्यासच होते. तो आता कोठे जात नाही, त्यास गोड चालते. त्र्यंबकरावांनी भंगारवाल्याकडे तीन खेपा घातल्या, त्यांचे काय जाहले ते त्यांसच ठाऊक. झुंजार दर सकाळी अंगणात दोनदां खाकरते, आणि सगुणाबाईसाहेब माजघरातून सवयीने म्हणतात, "आले हो, चहा ठेवते."