वाचलेल्या वेळेचे सतरा कॅन

दूध संघाने कॉम्प्युटर घेतल्यापासून शेवंताचा जो वेळ वाचत होता, तो दुधाच्या कॅनमध्ये साठवला जात होता. दुसरी भांडी संघाकडे नव्हती. पूर्वी चारशे सभासदांचं दूध आणि फॅट वहीत उतरवता उतरवता तिचा दिवस सरायचा. आता काम अर्ध्या तासात उरकायचं. उरलेला वेळ रोज संध्याकाळी नळीने काढून घेत आणि कॅन भरला की सील ठोकत. शेवंता घरी पोचायची ती पूर्वीसारखीच सात वाजता.

वर्षात सतरा कॅन झाले.

मार्चमध्ये ती सचिव ढमाल्यांसमोर उभी राहिली. "साहेब, एक कॅन द्या. माझ्या आबांना डॉक्टरांनी आठवडाच दिलाय."

"वेळ तुमचा, मान्य. पण मशीन संघाचं ना? जिल्ह्याहून अधिकारी लाभ मोजायला यायचेत. कमी भरला तर आम्हाला विचारतील."

"अर्धा लिटर तरी."

"आणि वर पाणी घालू? शेवंताबाई, भेसळ तर तुम्हीच पकडता!"

अधिकारी नवव्या दिवशी आले. आबा अजून तग धरून होते. सील फोडलं, तर सोळा कॅन नासलेले. दूध नाही म्हणून शीतगृहात ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"वेळ नासला तरी वाचला होताच," अधिकारी म्हणाले. "रकाना वाचल्याचा आहे. वापरल्याचा रकाना नाही." त्यांनी 'लाभ सिद्ध' असं लिहिलं आणि सगळे कॅन रिकामे करायला सांगितले. सतरावा कालच भरला होता, ताजा. पण नोंद सतरांची होती, म्हणून तोही ओतला. गटाराकाठचं गवत बघता बघता गुडघ्याएवढं झालं आणि वाळून गेलं.

कॅन धुवायचं काम शेवंताकडे आलं. सतराव्याच्या तळाशी पळीभर उरलं होतं. ते तिने डब्याच्या झाकणात घेतलं आणि हिंदकळू न देता घर गाठलं.

शेजारच्या सगुणाकाकू उशाशी बसल्या होत्या. "काही राहिलं नाही गं आता. तोंडात पाणी घाल."

शेवंताने झाकण आबांच्या ओठांना लावलं.

आबांनी डोळे उघडले. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. चार वाजले होते.

"आज लवकर आलीस?"

"हो आबा. संघात कॉम्प्युटर आलाय. वेळ वाचतो."

"बरं झालं. बस मग."

ती बसली. पळीभरात अकरा मिनिटं निघाली.