मास्तरांनी बागेचं फिटिंग केलं

"या वर्षी मेहुणी फोटो काढून घेईल तो आपल्याच अंगणात!" टेलरमास्तरांनी बायकोला ठणकावून सांगितलं आणि गळ्यातली टेपसुद्धा न काढता रोपवाटिका गाठली.

या सगळ्याच्या मुळाशी होता शेजारचा सलूनवाला. दोन घरांत कमरेएवढं कुंपण. वसंत सरत आला, सगळ्यांच्या बागा मलूल झाल्या, की नेमकी याची बाग फुलायची. शिस्त म्हणाल तर शून्य! रोपं एकमेकांच्या अंगावर रेललेली, फांद्या वाटेल तिकडे. तरी येणारा-जाणारा थांबायचाच. मास्तरांची बायको रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहायची. "काय बाई फुललंय त्यांच्याकडे!" एवढंच म्हणायची, पण मास्तरांचा चहा कडू व्हायचा. आणि गेल्या वर्षी तर कहरच झाला. पाहुणी आलेली मेहुणी मास्तरांच्या अंगणाकडे ढुंकूनही न बघता त्या कुंपणाशी उभी राहिली आणि तिनं फोटो काढून घेतले! मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. लोक जळतात, पण निदान लपवतात तरी. मास्तर उघड उघड जळायचे.

"सलूनवाल्यानं काय काय नेलं?" त्यांनी रोपवाल्या बाईंना विचारलं.

"गुलाब, डेलिया, कार्नेशन. या दिवसांत हीच भरभरून फुलतात. पाच-पाच नेली त्यांनी."

"मला सात-सात द्या! आणि त्याच्यापेक्षा वीतभर उंच!"

मग मास्तरांनी एकेक रोप टेपनं मोजलं. तीन रोपं उंचीला कमी भरली म्हणून परत केली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"मास्तर, एक लक्षात ठेवा. आता कळ्या धरतील, तेव्हा कात्री अजिबात..."

"बाई! तीस वर्षं कात्री चालवतोय. ती तुम्ही मला शिकवणार?"

बाईंनी रोपं पाटीत भरून दिली.

रोपं लागली, जोमानं वाढली आणि मास्तरांचा हात शिवशिवायला लागला. एक फांदी बोटभर वर आलेली कशी खपवून घ्यायची? रोज सकाळी दुकानाला जाण्याआधी ते सगळे शेंडे एका रेषेत आणायचे. त्यात शेंड्याशेंड्याला हिरव्या गाठी दिसायला लागल्या. आता कापडावर कुठं दोऱ्याची गाठ दिसली, की ती कापल्याशिवाय या माणसाला घास गिळवत नाही. कचाकच! "हा कचरा टाकून दे गं," असं बायकोला सांगून ते खुशाल दुकानात जायचे.

तीन आठवडे झाले. पलीकडे रंगांचा धिंगाणा, इकडे मात्र नुसतं हिरवं. तेही शाळेच्या रांगेसारखं सरळ! मेहुणी दुसऱ्या दिवशी येणार होती. मास्तरांची झोप उडाली. तशात एक गिऱ्हाईक पॅंटचं माप देता देता म्हणालं, "मास्तर, सलूनमध्ये जाऊन या एकदा! आरशापुढं नुसत्या बाटल्याच बाटल्या, आणि त्यांत काय फुलं आहेत! गुलाब, डेलिया, कार्नेशन... त्याच्या बागेतलं एक फूल तो तोडत नाही, मग आणतो कुठून कोण जाणे!"

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चोर! आपल्या कळ्या चोरतो! गिऱ्हाइकाचा एक पाय मोजायचा तसाच ठेवून ते धावत सुटले.

सलूनवाला कुणाची तरी अर्धी दाढी करून थांबला होता.

"फुलं कुठून आणलीस?" मास्तर गरजले.

"तुमच्याच घरची की!"

"म्हणजे कबूल करतोस?"

"अहो, कबूल काय करायचंय? वहिनी रोज सकाळी कुंपणावरून जुडी देतात. म्हणतात, यांनी टाकायला सांगितलंय, पण टाकवत नाही. मी पाण्यात ठेवतो. बघा ना, एकेका काडीला टपोरी कळी होती." त्यानं आवाज खाली आणला. "रागावू नका मास्तर, पण कशाला कापता? मी तर घरी गेल्यावर कात्रीचं तोंडसुद्धा बघत नाही."

अर्ध्या दाढीवाला खुदकन हसला. मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "अय्या ताई, फुलं बघ!" मेहुणी! एक दिवस आधीच आलेली, सामानासकट, मागोमाग तिला स्टँडवरून घरी नेणारी मास्तरांची बायको.

"ही सगळी माझी," असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण मग ती कुणी कापली, हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी तोंड मिटलं. सलूनवालाही भला माणूस, काही बोलला नाही. मेहुणीनं बाटल्यांपुढं उभं राहून मोबाईल बहिणीच्या हातात दिला.

"भावोजी, तुम्हीपण या ना!"

मास्तर हरखले. केसांवरून हात फिरवला, छाती पुढं काढली आणि आपल्याच फुलांपुढं ऐटीत उभे राहिले.

"अहो, जरा बाजूला व्हा ना," बायको म्हणाली. "फुलं झाकली जाताहेत!"