इंजिन कोणत्या रंगाचं होतं

"त्याला सांग, इंजिन हिरवं होतं," थोरला म्हणाला.

धाकटा हातभर अंतरावर बसून इंजिनावरचं झाकण, टॅपेट कव्हर, पॉलिश पेपरने घासत होता. "त्याला सांग, राखाडी होतं."

आईने कुणालाच काही सांगितलं नाही. चहाचे कप तिने इंजिनाच्या दोन बाजूंना ठेवले आणि स्वतः मधल्या स्टुलावर बसली. बाबा गेल्यापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. बाबांना कुठल्या डॉक्टरकडे न्यावं याचा दोघांत निकाल लागेना, आणि बाबांना तेवढी सवड नव्हती. त्यानंतर थोरला घरी आला की धाकट्याला काम निघायचं, आणि धाकटा आलेला दिसला की थोरला फाटकातूनच मागं वळायचा. शेवटी आईनेच टूम काढली. शेडमध्ये बाबांची जुनी मोटार ताडपत्रीखाली पडून आहे, ती दोघांनी मिळून पुन्हा उभी करावी. मोटारीला नाही म्हणणं म्हणजे बाबांना नाही म्हणणं. दोघं दर रविवारी येऊ लागले. एकमेकांशी बोलत नव्हतेच, पण निदान एका छपराखाली बोलत नव्हते.

इंजिन बाहेर निघालं, चाकांच्या स्टँडवर चढलं, आणि गाडं रंगापाशी अडलं. जुना रंग जरा खरवडून पाहिला असता तर कळलं असतं. पण थोरल्याने हौसेने इंजिनाचं धड, म्हणजे ब्लॉक, वर्कशॉपात नेऊन सोड्याच्या उकळत्या टाकीत बुडवून आणला होता, आणि आपण मागं पडू नये म्हणून धाकट्याने बाकीच्या भागांवर वाळूचा फवारा मारून घेतला होता. लोखंड जन्मल्यासारखं नागडं झालं आणि पुरावा गटारात गेला.

"बाबा काम करायचे तेव्हा दिवा मी धरायचो," थोरला म्हणाला. "हिरवंगार होतं."

"त्याला सांग, दिवा मीसुद्धा धरलाय."

दोघंही खरंच बोलत होते. थोरला दिवा धरायचा तेव्हा इंजिन हिरवंच होतं. धाकटा पावलं टाकायला लागला त्या सुमारास बाबांनी ते राखाडी केलं, कारण दुकानातला हिरवा संपला होता. तेव्हा रंगाचा डबा आईनेच धरला होता. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य दर रविवारी तिच्या जिभेवर यायचं आणि ती ते चहाबरोबर गिळायची. रंग ठरला की रविवार संपले, एवढं तिला कळत होतं.

"मला बाई बॉनेटखालचं काय कळतंय," ती म्हणायची. "नीट आठवून बघा दोघं."

इंजिनाला साधा रंग चालत नाही, तापला की पापुद्रे सुटतात. म्हणून उष्णता सोसणाऱ्या रंगांचे नमुने घेऊन रंगवाला घरी आला. थोरल्याला एक हिरवा फार पोपटी वाटला, दुसरा शाळेच्या फळ्यासारखा. धाकट्याला राखाडीत थोडा निळा हवा होता, पण तो दिसता कामा नये.

"साहेब, बॉनेट लावल्यावर हे बघणार कोण?" रंगवाल्याने विचारलं.

दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने चहा अर्धाच ठेवला. निघताना म्हणाला, "ब्लॉक हिरवा करा, वरचं कव्हर राखाडी करा, आणि मोकळे व्हा."

"एका इंजिनाला दोन रंग? लोक हसतील," आई घाईने म्हणाली. पण त्यात दोघांनाही दुसऱ्याचा निम्मा पराभव दिसला होता.

इंजिन देखणं झालं. थोरल्याने हात पुसले. "आता मेकॅनिक येऊन बसवेल. पुढच्या रविवारी माझं काही जमायचं नाही गं."

"त्याला सांग, माझंही," धाकटा म्हणाला.

त्या रविवारी तिने सवयीने तिघांचं रांधलं आणि संध्याकाळी शेडमध्ये गेली. एकदा बाबांच्या हातून ब्रेक ऑइल सांडलं होतं तेव्हा मोटारीच्या दाराचा रंग भाजलेल्या कातडीसारखा सुटला होता. बाबांच्या शिव्यांसकट तिला ते आठवत होतं. बाटली फळीवरच होती. फडक्याचा बोळा भिजवून तिने कव्हर चोळलं, मग ब्लॉक चोळला. पोरांना अंघोळीआधी तेल लावायची तसंच, हळू, आणि दोघांना सारखंच.

"अरे, इंजिनाचा रंग फुगलाय बघ," तिने दोघांना फोन केला. दोघं धावत आले.

"त्याला सांग, प्रायमर त्याने लावला होता."

"त्याला सांग, रंग वाळू द्यायचा धीर त्यालाच नव्हता." धाकट्याने रंगावर बोट फिरवलं आणि वास घेतला. मग ते बोट त्याने थोरल्याच्या नाकाशी नेलं.

"ब्रेक ऑइल," थोरला म्हणाला. "तू ओतलंस?"

"वेडा आहेस का? माझं कव्हर मीच कशाला नासवीन?"

ते सरळ एकमेकांशी बोलत होते. आईला इतकं भरून आलं, की डोळे पुसायला तिने पाठीमागे धरलेले हात पुढे आणले. नखांत हिरवा होता, राखाडी होता.

दोघं त्या हातांकडे बघत राहिले.

"आई, हे काय?"

"धूळ पुसत होते रे."

थोरला धाकट्याकडे वळला. "बघितलंस? हिला आता समजेनासं झालंय."

"मला केव्हाचं वाटतंय. उद्या गॅस तसाच ठेवील."

"इंजिन इथं ठेवण्यात अर्थ नाही."

"माझ्याकडे नेऊ ना. शेड रिकामीच आहे."

"मग मी रविवारी येत जातो."

"जेवायलाच ये की. वहिनीलाही आण."

टेम्पो आला. दोघांनी मिळून स्टँड फळीवरून वर ढकलला. "दादा, पाठ सांभाळ," धाकटा म्हणाला. मागं इंजिनाला धरून दोघं शेजारी शेजारी बसले.

आई फाटक धरून उभी होती. "मी येऊ का रे रविवारी? रंग कुठला होता ते आता आठवतंय मला."

"तुला कशाला उगाच दगदग," दोघंही एकदमच म्हणाले.